यादी नको, फाटक बघा

स्कॉटलंडला गोल्फ खेळायला निघालेल्या माणसाला विचारा, कुठे खेळणार? उत्तर तयार असतं. सेंट अँड्र्यूज, ओल्ड कोर्स. आणि तिथे नंबर नाही लागला तर? मग तोंडाला कुलूप.

त्या देशात साडेपाचशेच्या आसपास गोल्फ मैदानं आहेत. पाहुणा मात्र एकाच दारात ताटकळत उभा.

मैदान निवडणं खरं तर अवघड नाही. ते अवघड केलं ‘पहिल्या शंभरां’च्या याद्यांनी. कोण तिसरा, कोण सातवा यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. फाटक कोणासाठी उघडं आहे, हे मात्र शोधावं लागतं. खेळायला जाणाऱ्याने आधी काय विचारायचं? मैदानाचा नंबर, की आपल्याला आत सोडतात का?

सुरुवात ओल्ड कोर्सपासूनच करू. कारण सर्वांत मोठा गैरसमज त्याच्याबद्दलच आहे. पहिला फटका जिथून मारतात, त्या टीच्या मागे दगडी क्लबहाउस दिमाखात उभं आहे. रॉयल अँड एन्शंट क्लबचं. बघणाऱ्याला वाटतं, मैदानही त्यांचंच असणार.

नाही. मैदान गावाचं आहे.

पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेमधून एक रस्ता आडवा जातो. नाव ग्रॅनी क्लार्क्स वाइंड. समुद्रावर निघालेली माणसं तिथून जातात आणि टीवरचा खेळाडू तोवर थांबतो. रविवारी तर एरवी खेळच बंद. त्या दिवशी जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गोल्फ मैदानावर गाव फिरायला येतं, पोरंबाळं आणि कुत्री घेऊन.

हा हक्क कोणी ताटात वाढून दिलेला नाही. 1552 मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टनच्या सनदेत गावकऱ्यांचा या कुरणावर खेळण्याचा हक्क मान्य झाला. पुढे नगर परिषद कर्जात बुडाली आणि 1797 मध्ये तिने जमीन हातची घालवली. ती गेली ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे. सशांनी मैदान पोखरलं, गोल्फवाले कोर्टात गेले, भांडण वर्षानुवर्षं चाललं. मालकी गावाकडे परत आली ती 1894 मध्ये, संसदेच्या कायद्याने.

खेळाची जमीन एकदा हातची गेली की परत यायला किती वर्षं लागतात? इथे 97 लागली.

आता त्या दगडी क्लबहाउसकडे पुन्हा बघा. त्या क्लबने महिलांना सदस्यत्व द्यायचं ठरवलं 2014 मध्ये. त्याच्या सात वर्षं आधी, 2007 मध्ये, समोरच्या मैदानावर महिलांची ब्रिटिश ओपन होऊन गेली होती. लोरेना ओचोआ जिंकली. इमारतीला जे उमगायला वेळ लागला, ते गवताला आधीच कळलं होतं.

मग ओल्ड कोर्सवर खेळायचं की नाही? जरूर खेळायचं. बहुतेक पाहुणे सोडतीत नाव घालतात. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाच्या पातळीचा, पुरावा लागतो. हंगामात फी तीनशे पौंडांच्या वर. नाव निघालं तर भाग्य समजा आणि जा. पण सोडत ती सोडत. म्हाडाचा अर्ज भरला म्हणून कोणी लगेच पडदे शिवायला टाकतो का?

आणि नाव नाहीच निघालं तर शेजारी बघा. ओल्ड कोर्स चालवणाऱ्या ट्रस्टचाच, त्याच वाळूवरचा न्यू कोर्स आहे. नावाने नवा, पण 1895 चा, ओल्ड टॉम मॉरिसच्या हातचा. 1897 चा जुबिली आहे. 1914 चा ईडन आहे. वारा तोच, गवत तेच, जमिनीचे उंचवटे तसेच. फी मात्र बरीच कमी. नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठी नऊ होलचा बालगोव्ह वेगळा.

थोरल्या भावासाठी रांग लावणारे धाकट्यांना साधा नमस्कारही करत नाहीत.

तेही नको? मग हिमालयावर चला. सेंट अँड्र्यूजमध्ये हिमालय आहे! पटिंगच्या त्या उंचसखल हिरवळीला लोक याच नावाने ओळखतात. 1867 मध्ये तिथे महिलांचा पटिंग क्लब निघाला. त्या काळी बाईने खांद्याच्या वर दांडा उचलून फटका मारणं शोभत नाही, असं मानत. म्हणून त्यांच्या वाट्याला आलं फक्त पटिंग. आज तिथे चार-दोन पौंडांत आजी, नातू, पाहुणा, कोणीही खेळतं. ज्या हिरवळीवर बायकांना अडवून ठेवलं होतं, तीच आज सर्वांना मोकळी आहे.

आता थोडं उत्तरेला. कार्नुस्टी. ‘ओपन’ ही मोठी स्पर्धा भरणारं हे मैदानही सार्वजनिक. पैसे भरा, खेळा. पण पैसे भरता आले म्हणजे मैदान झेपलं, असं नाही. 1999 च्या ओपनमध्ये फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्ड तीन फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या होलवर आला. चेंडू बॅरी बर्न नावाच्या ओढ्यात गेला. बूटमोजे काढून तो पाण्यात उतरला, मग बाहेर आला. त्या होलवर एकूण सात फटके. प्लेऑफमध्ये हार.

व्यावसायिकाला सोडलं नाही, तो ओढा आपल्याला सोडेल?

म्हणून दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा. माझा खेळ किती? त्याच आवारात बर्नसाइड आणि बडन हे आणखी दोन कोर्स आहेत. मोठ्या मैदानावर दिवसभर चेंडू शोधण्यापेक्षा तिथे चेंडू मारा. गोल्फ मारण्यासाठी असतो, शोधण्यासाठी नाही.

एडिंबरात उतरलात, तर आणखी सोपं. ब्रेड हिल्सचं मैदान 1889 चं. शहराचं, सार्वजनिक. टीवर उभं राहिलं की खाली किल्ला, पलीकडे खाडी. याद्यांमध्ये ते वरच्या नंबरांत कधी दिसणार नाही. दृश्याला नंबर देता येतो का?

ब्रंट्सफील्ड लिंक्स तर शहराच्या मधोमध. छोटे होल, खेळायला फी नाही. कॉलेजची मुलं दोन दांडे आणि एक चेंडू घेऊन येतात आणि खेळतात. आपल्याकडे ‘श्रीमंतांचा खेळ’ म्हणून ज्याला हात जोडतात, तो तिथे बागेत फुकट मिळतो.

जवळच मसलबरा. घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या आत नऊ होल. 1874 ते 1889 या काळात सहा वेळा ओपन इथे झाली. होलचा सव्वाचार इंचांचा व्यास आज जगभर चालतो. तो आला मसलबराच्या होल पाडायच्या हत्याराकडून. ज्या गावाने जगाला माप दिलं, तिथे पाहुणे फिरकत नाहीत.

कसोट्या तीनच. गावातली माणसं तिथे खेळतात का? पायी, पिशवी खांद्यावर टाकून फिरता येतं का? नवशिक्याला हाकलत नाहीत ना? तिन्हींना ‘हो’ आलं की मैदान चांगलं. मग यादी काहीही म्हणो.

आणि ही निवड फक्त आपल्या चैनीची नाही. तिथेही पालिकांच्या तिजोऱ्या आटल्यात. डंडी शहराने कॅम्परडाउनचं मैदान बंद केलं. प्रसिद्ध मैदानाला तुमच्या येण्या-न येण्याने काही फरक पडत नाही. पालिकेच्या मैदानाला एका फीनेही पडतो.

आता आपल्याकडे या. आपली बहुतेक गोल्फ मैदानं क्लबांची, नाहीतर लष्कराची. सदस्य नसाल तर सदस्याचं बोट धरून जा. अपवाद थोडे. दिल्लीत कुतुबजवळ डीडीएचं मैदान आहे, नवी मुंबईत खारघरच्या खोऱ्यात सिडकोचं. सार्वजनिक संस्थांनी उभी केलेली मैदानं. आपल्या शहरात असं एखादं असेल, तर परदेशाचं तिकीट काढण्याआधी तिथे जाऊन या.

इथे कोणी तरी विचारणारच. पोरांना क्रिकेटला जागा नाही, कबड्डीला नाही, मग एवढी जमीन गोल्फला कशाला? प्रश्न रास्त आहे. तो टाळणाऱ्याने सार्वजनिक मैदानाची बाजू घेऊच नये.

उत्तर सेंट अँड्र्यूजच्या रविवारात आहे. जमीन सर्वांची म्हणायची, तर ज्याच्या हातात दांडा नाही त्यालाही तिच्यावर चालता आलं पाहिजे. सहा दिवस चेंडू उडू देत. सातव्या दिवशी आजोबांना हिरवळीवर फिरू द्या, पोरांना पळू द्या.

मैदान कसं आहे, हे शनिवारी खेळून कळत नाही. रविवारी जाऊन फाटक बघा.