एरंगेलचं गवत

नवी मुंबईतल्या तळवलीत गवत राहिलेलं नाही. भातखाचरं होती तिथे आता चार-चार मजली इमारती एकमेकींच्या स्वयंपाकघरात डोकावत उभ्या आहेत. त्यामुळे आमच्या भाच्याला हिरवळ बघायची झाली की तो एरंगेलला जातो. एरंगेल हे बीजीएमआय या मोबाइल खेळातलं बेट, आठ किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. तिथे सिडको नाही. गवत मुबलक, वाऱ्यावर डुलणारं. त्यात पालथं पडायचं आणि समोरून येणाऱ्याला गोळी घालायची.

हे शौर्य रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवणं हा त्याचा कॉलेज सुटल्यावरचा उद्योग. आणि त्याचं एकमेव दुःख असं, की फोनवर लख्ख दिसणारा खेळ यूट्यूबवर गेला की गवताचं एक पातं दुसऱ्यापासून वेगळं ओळखू येत नाही. ताईने तो व्हिडिओ एकदाच पाहिला आणि म्हणाली, "हे तर अळूचं फदफदं!" तेव्हापासून घरात क्वालिटी हा शब्द बंद झाला. व्हिडिओ दोनच प्रकारचे: फदफदं झालेले आणि न झालेले.

आता यात कोणाचा दोष? मी दर रविवारी तळवली नाक्यावर उतरतो आणि तीन मजले चढून या प्रश्नात ओढला जातो, म्हणून थोडा अभ्यास केला. व्हिडिओ साठवणारं तंत्र मुळात चिक्कू असतं. मागच्या चित्रात होतं तेच आत्ता असेल, तर ते पुन्हा लिहीत नाही, फक्त बदललेलं लिहितं. भिंत जागची हलत नाही, म्हणून भिंत जवळजवळ फुकटात पडते. पण गवताचं प्रत्येक पातं प्रत्येक चित्रात हललेलं. त्यात खेळाडू पळू लागला की सगळंच नवं. दर सेकंदाला खर्चायला ठरलेली पुंजी तेवढीच, मग तंत्र पाती मोजणं सोडून देतं आणि हिरवा रंग सारवून मोकळं होतं. याचा एक गमतीदार परिणाम मी स्वतः पाहिला आहे. गवतातून धावत जाऊन चौघांशी भिडणाऱ्याचा व्हिडिओ फदफदं होतो, आणि घराच्या कोपऱ्यात दाराकडे बंदूक रोखून पाच मिनिटं बसून राहणाऱ्याचा अगदी काचेसारखा स्वच्छ निघतो. यूट्यूबवर भित्र्यांचं चित्र नेहमीच चांगलं येतं.

मी हे समजावत असताना भाच्याचे आजोबा खाटेवर बसून ऐकत होते. आकडे निघाले की त्यांचे कान टवकारतात. १९७० नंतर ज्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी सिडकोकडे गेल्या आणि पुढे साडेबारा टक्के भूखंडरूपाने परत मिळाल्या, त्यांतल्या माणसाचे कान ते. मी सांगत होतो: १०८० च्या एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला अशी ६० चित्रं. काहीही न दाबता ठेवायचं म्हटलं, तर सेकंदाला सुमारे तीन हजार मेगाबिट लागतील. आणि अशा व्हिडिओसाठी यूट्यूब स्वतः सुचवतं किती? बारा. म्हणजे अडीचशे भागांतला एक भाग. तो चढवल्यावर साइट पुन्हा आपल्या पद्धतीने दाबते, ते वेगळंच.

"टक्क्यात सांग," आजोबा म्हणाले.

"शून्य पूर्णांक चार टक्के."

आजोबांनी नातवाकडे खरोखरीच्या कळवळ्याने पाहिलं. "आम्हाला साडेबारा तरी भेटलं रं."

असो. वरच्या दाबादाबीवर आपला इलाज नाही. पण खाली, घरातल्या घरात, पोरं आणखी तीन-चारदा दाबतात ते तरी थांबवता येतं. भाच्याची पद्धत अशी होती: फोनवर रेकॉर्ड करायचं, एडिटिंग करणाऱ्या मित्राला ते व्हॉट्सॲपवर पाठवायचं, मित्राने कापाकापी करून पुन्हा व्हॉट्सॲपवरच परत धाडायचं. मित्र राहतो समोरच्या इमारतीत. गॅलरीतून हात लांबवला तर पेनड्राइव्ह देता येईल! पण नाही. व्हॉट्सॲप प्रत्येक खेपेला व्हिडिओ पिळून काढतं. यूट्यूबच्या हाती पडेपर्यंत त्यात दाबण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं, आणि नाव मात्र यूट्यूबचं खराब. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, ते जसंच्या तसं पोचतं. एवढा एक बदल केला आणि अर्धं फदफदं गेलं.

उरलेल्या अर्ध्यावर एक तोडगा आहे, तो मात्र थोडा लबाडीचा. लहानसहान चॅनलच्या १०८० च्या व्हिडिओला यूट्यूब बहुधा एच.२६४ या जुन्या, २००३ सालच्या पद्धतीवर भागवायला लावतं. १४४० किंवा त्याहून मोठं माप दिसलं की मात्र व्हीपी९ ही नवी पद्धत वापरतं आणि पुंजीही जास्त देतं. म्हणून खेळणारी पोरं १०८० चा व्हिडिओ एडिटिंगमध्ये नुसता ताणून १४४० करतात. त्यात नवा तपशील कणभर येत नाही, तरी गवत सुधारतं. कर्तृत्व तेच, माप मोठं, की वागणूक बदलते. हे मी अनेक कार्यालयांत पाहिलं होतं; यंत्रंही तशीच निघावीत याचं जरा वाईट वाटलं.

माप वाढलं की फाइल वाढते. १०८० चा दहा मिनिटांचा व्हिडिओ ९०० एमबीचा, १४४० चा त्याच्या दुप्पट. ती चढवायची गल्लीवरून लोंबणाऱ्या वायरीतून. गंमत म्हणजे जिने २०१६ मध्ये देशभर डेटा स्वस्त केला, त्या जिओचं मोठं संकुल शेजारच्या घणसोलीत आहे, आणि रबाळे, महापे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. 'क्लाउड' म्हणजे जो काही ढग असतो, त्याचा बराचसा भाग आमच्या एमआयडीसीत जमिनीवर टेकलेला आहे. तरीही भाचा अपलोडच्या पट्टीकडे बघत जेवतो.

पण चित्रावर इतका जीव टाकणाऱ्या या पोरांचं आवाजाकडे लक्ष नसतं, ही माझी खरी तक्रार. माझं स्पष्ट मत आहे की बघणारा अस्पष्ट गवत सहन करतो. खरखरणारा माइक सहन करत नाही. आणि तळवलीत आवाज रेकॉर्ड करणं सोपं नाही. दिवसा नाक्यावरचे ट्रक. रात्री लग्नसराई, आणि आगरी घरातली हळद म्हणजे आख्ख्या गल्लीची हळद. मे महिन्यात भाच्याने पंखा बंद करून, घामाने निथळत, अटीतटीच्या शेवटच्या वर्तुळाची कॉमेंट्री केली. खिडकीखाली डीजेवर हळदीचं गाणं. व्हिडिओ चढवल्यावर यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेने माणसाच्या आरोळ्यांमागून ते गाणं बरोब्बर ओळखलं आणि कॉपीराइटचा दावा लागला. कमाई शून्य होती. तीही आता रीतसर दुसऱ्याच्या नावावर झाली. नवरदेवाच्या घरच्यांना मात्र आपली हळद यूट्यूबवर आल्याचा मोठा आनंद झाला. त्यांनी व्हिडिओ सगळीकडे पाठवला, आणि तोच त्याचा आजवरचा सर्वांत जास्त पाहिलेला व्हिडिओ आहे. या गोंगाटावर उपाय एवढाच, की खेळ आधी रेकॉर्ड करावा, आवाज नंतर, इअरफोनचा माइक तोंडाजवळ धरून, आणि गावातली लग्नपत्रिका बघून.

एवढं सगळं केल्यावर व्हिडिओ बघणारा असतो ठाणे-वाशी लोकलमध्ये दारात लटकलेला, डेटा वाचवायला व्हिडिओ ४८० वर ठेवणारा. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "मामा, त्याने कमी बघितलं म्हणून मी कमी द्यायचं का?" याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधायलाही गेलो नाही.

ज्यांच्या घरात असा कोणी कलावंत असेल त्यांना एवढंच सांगणं: अपलोड संपलं की लगेच लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू देऊ नका. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, मोठ्या मापाची मागाहून, कधी कधी तासांनी. तोवर व्हिडिओ प्रायव्हेट ठेवावा आणि मापांच्या यादीत १४४० दिसू लागलं की मगच सार्वजनिक करावा. पुण्याची आत्या एकदाच उघडून बघते.