जावई ड्रायव्हर आहे, पण कॅनडात

दर्यापुरात ड्रायव्हरला पोरगी मिळत नाही. पोरगा निर्व्यसनी असो, घरावर स्लॅब पडलेला असो, नावावर दोन एकर असो, बायोडाट्यात 'ड्रायव्हर' दिसलं की मुलीचा मामा कागदाची घडी घालून खिशात ठेवतो आणि म्हणतो, "पाहू मंग." या निकालावर वऱ्हाडात अपील नाही. तोच पोरगा वर्षभरानं 'कॅनडा, ट्रान्सपोर्ट लाइन' असं लिहून आला की मामा आधी चष्मा पुसून घेतो.

"ट्रान्सपोर्ट म्हंजे हापिसात का?"

"नाही मामाजी, ट्रकच."

"हाव का? बरं बरं. तिकडं एसी रायते म्हना कॅबिनले."

एसी आता इकडंही आला. २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला केंद्र सरकारनं तो सक्तीचा केला आहे. पण मामाजींना हे सांगून उपयोग नाही. सोयरिकीत थंडावा परदेशातलाच चालतो.

पोट्टे जातात, त्याचं कारण जमिनीखाली आहे. आपला पट्टा खारपाणाचा. पूर्णेच्या खोऱ्यात बोअर मारली तर पाणी लागतं, पण ते पिकाला दिलं की जमीनच हातची जाते. म्हणून ओलिताची बात नाही. वरून पडेल त्यावर मूग, कपाशी, तूर. ओल टिकली तर हरभरा. त्यात बापाच्या पाच एकरांत तीन भावांचा हिस्सा. एक शेती पाहतो, एक डी.एड. होऊन शिक्षक भरतीची वाट पाहतो, तिसरा स्टेअरिंगवर बसतो. घरात नगद पैसा आणणारा तिसराच. डी.एड.वाला परीक्षेचा फॉर्म त्याच्याच पैशानं भरतो, पण पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे ठेवून ओळख करून देतात ती डी.एड.वाल्याची.

जायला रस्ता तर झक्कास आहे. कापूस न्यायला गोऱ्यांच्या कंपनीनं घातलेली शकुंतला रेल्वे दर्यापूरच्या बनोसा स्टेशनातून आता धावत नाही, पण मूर्तिजापूरच्या अंगाला उतरलं की अमरावती-अकोला महामार्ग लागतो. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून या रस्त्यानं गिनीज बुकात नाव लावलं. त्याआधी लोकांनी त्याच रस्त्यावर किती वर्षं कंबर मोडून घेतली, ते गिनीजवाले मोजत नाहीत.

एजंट मात्र या रस्त्यानं येत नाही, तो व्हॉट्सॲपवरून येतो. धंदा पंजाबात तयार झालेला, आता विदर्भात गिऱ्हाईक शोधतो आहे. त्याची कॅसेट ठरलेली: नवरा ट्रकवर, बायको स्टोअरमध्ये, पोरं फुकटच्या शाळेत, तीन वर्षांत पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना, पाचव्या वर्षी स्वतःचं घर. "फॅमिलीसकट, भाऊ!" फीचा आकडा तो लगेच सांगत नाही. आधी विचारतो, "वावर किती आहे?" आणि मग आकडा सांगतो.

कायद्यात हा आकडा आधीच लिहून ठेवलेला आहे. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त तीस हजार रुपये, वर जीएसटी. परदेशी माणूस कामावर घ्यायला कॅनडातल्या मालकाला जो एलएमआयए नावाचा कागद लागतो, त्याची फी मालकानंच भरायची, कामगाराकडून वसूल करायची नाही, असा तिथला नियम. हे एजंटाला ऐकवून पाहा. "तीस हजार त फाइलचे झाले ना भाऊ!"

त्याची कॅसेट शिळी आहे, हे तर तो बोलतच नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅनडानं ट्रकचालकांना 'एक्सप्रेस एंट्री'चं, म्हणजे कायम वसायच्या परवान्याचं, दार उघडलं आणि पुढच्या वर्षी ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी खास वर्ग केला. २०२५ च्या फेब्रुवारीत तो वर्ग यादीतून काढला. त्याच्या महिनाभर आधी नवऱ्याच्या कामावर बायकोला मिळणारा खुला परवाना आवळला होता, आणि मार्चमध्ये नोकरीच्या पत्राचे जादा गुणही गेले. ऑगस्टात अमेरिकेनं परदेशी ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणं थांबवलं. इंग्लंडला २०२१ साली पंपावर पेट्रोल पोचवायला ड्रायव्हर मिळेनात, तेव्हा त्यांनी व्हिसा काढले ते काही महिन्यांचे. मुदत संपली की आपापल्या घरी. म्हणजे ड्रायव्हर हवा आहे, पण तो रात्री घरी कुणाकडे जेवतो याची जबाबदारी त्यांनाही नको. आपल्याच मामाजींचे चुलते!

मग निघतो 'इंटरनॅशनल लायसन'चा विषय. आरटीओत हजार रुपये फी भरली की वर्षभराचं आंतरराष्ट्रीय परमिट मिळतं, हे खरं. पोट्टा ते लॅमिनेट करून स्टेटसला ठेवतो. त्यावर तिकडं पाहुणा म्हणून कार फिरवता येईल, पगारावर ट्रक नाही. ट्रकला तिथलं लायसन लागतं. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात २०१७ पासून परीक्षेला बसण्याआधी एकशे साडेतीन तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. आपल्या उस्तादांचं शिक्षण वेगळ्या शाळेतलं: दोन-चार वर्षं किन्नर म्हणजे क्लीनर म्हणून टायर ठोकायचे, दोऱ्या आवळायच्या, आणि रात्री ढाब्यापुढे उस्तादाला झोप आली की पहिला तास सुरू. त्या शाळेतून फर्स्ट क्लास ड्रायव्हर निघालेले मी पाहिले आहेत. पण बर्फावर तो क्लास चालत नाही.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ६ एप्रिल २०१८ ला सॅस्कॅचवान प्रांतात एक ट्रक 'थांबा'ची पाटी ओलांडून पुढे गेला आणि 'हम्बोल्ट ब्राँकोज' या हॉकी संघाची बस त्याच्यावर आदळली. सोळा जण गेले. ट्रकवर भारतातून आलेला तरुण होता, कामावर लागून महिनाही झाला नव्हता. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे देशाबाहेर काढण्याचा हुकूमही निघाला. त्या अपघातानंतर सॅस्कॅचवाननंही प्रशिक्षण सक्तीचं केलं. नवख्या पोराला दोन आठवड्यांत एकट्यानं रस्त्यावर सोडणारे मालक तिथंही आहेत. ते एजंटाच्या फोटोत दिसत नाहीत, एवढंच.

आता फॅमिलीचं पाहू. टोरोंटोहून व्हँकुव्हर चार हजार किलोमीटरच्या वर. माल घेऊन जायचं, माल घेऊन यायचं. फॅमिली टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या तळघरात, आणि जो फॅमिलीसकट आला तो विनिपेगच्या पुढे कुठंतरी केबिनमध्ये डबा गरम करतो आहे. बायको फोनवर विचारते, "कुठी आहा?" तो म्हणतो, "बरफातच." दर्यापुरात निदान सासूशी भांडायची सोय होती. तिकडं पोरांना शाळेत सोडायला, तापात दवाखान्यात न्यायला, नळ फुटला तर घरमालकाशी इंग्रजीत वाद घालायला, सगळीकडे तीच. परदेशात करिअर नवऱ्याचं झालं असं आपण म्हणतो. खरी ओव्हरलोड गाडी ती बाई चालवत असते आणि तिच्या तासांचं मोजमाप कुठल्याच मशीनमध्ये नसतं.

आखातात हा प्रश्न फार स्वच्छपणे सोडवला आहे. सौदीत परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या माणशी महिन्याला ४०० रियाल फी. बायको आणि दोन पोरं नेली तर १२०० रियाल नुसते त्यांच्या असण्याचे. म्हणून ड्रायव्हर एकटाच जातो, आणि त्याला 'फॅमिलीसकट' असं खोटं तरी कुणी सांगत नाही.

कॅनडात आणखी एक गंमत आहे. काही मालक पोचल्या-पोचल्या सांगतात, तू आमचा नोकर नाहीस, तू स्वतःच एक कंपनी आहेस. कंपनीच्या नावानं बिल दे. तिकडं याला 'ड्रायव्हर इंक.' म्हणतात. ओव्हरटाइम नाही, भरपगारी सुटी नाही, टॅक्सची भानगड आपली आपण निस्तरायची. इकडं उद्योजक व्हायला कर्जाच्या फाइली घेऊन चपला झिजतात. तिकडं दर्यापूरचा पोट्टा एका सहीत डायरेक्टर होतो! सोयरिकीला हे कळलं तर भाव अजून वाढेल.

सरकारचा रस्ता जर्मनीचा. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. कामांच्या यादीत नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांच्याबरोबर ट्रक आणि बस ड्रायव्हरही आहेत. आधी जर्मन भाषा शिकायची, मग तिथं जाऊन लायसनची परीक्षा नव्यानं द्यायची. नियम असा की साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती, आणि ती घेतली की नाही हे यंत्र पाहतं. हे एका जुन्या उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग गाडी चालवतेत कवा?"

मला वाटतं, पोट्टे खरं तर त्या पाऊण तासासाठी जातात. डॉलरचं निमित्त. इथं गोदामाबाहेर गाडी खाली व्हायला दोन-दोन दिवस उभं राहायचं, त्याचा पैसा नाही. नाक्यावर हात दाखवला की खिशात हात घालायचा. गावात गेलं तर 'डायवर' म्हणून एकेरीत हाक. २०२४ च्या पहिल्या आठवड्यात 'हिट अँड रन'च्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पंपावर रांगा लागल्या आणि पेट्रोल नळातून येत नाही, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. टाक्या भरल्यावर तेही विसरलं गेलं. एजंटाला जो पैसा मोजतात, त्यातल्या थोड्या पैशात इथं ट्रकचं डाउन पेमेंट होतं. पण ट्रक घेतला म्हणून कोणी पेढे वाटत नाही. व्हिसा आला की फटाके फुटतात, चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर वाढदिवसालाच सापडणारे दहा नेते हात जोडून उभे राहतात. बापानं दोन एकर विकले ते या फ्लेक्सवर मावत नाहीत.

ज्यांनी अजून विकले नाहीत त्यांच्यासाठी एक बिनखर्चाचं काम. नोकरी लावून देणाऱ्या प्रत्येक एजंटाला भारत सरकारकडून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि ई-मायग्रेट पोर्टलवर तो कोणालाही तपासता येतो. पुढच्या वेळी फोन आला की फीबद्दल घासाघीस करू नका, बर्फाचे फोटो मागू नका. फक्त म्हणा, "भाऊ, तो नंबर सांगा, लिहून घेतो." लगेच पलीकडून आवाज येईल, "हॅलो? हॅलो? आवाज कटून राह्यला तुमचा..."