पूरतज्ज्ञ आबा

जुलैत पावसानं चार दिवस उघडीप दिली नाही, की कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत एकेक पूरतज्ज्ञ उगवतो. आमच्या पेठेत हा मान आबांचा. सकाळी चहाच्या गाड्यावर आल्या आल्या ते विचारतात, "राजाराम बंधारा किती?" आकडा त्यांना ठाऊक असतोच, पण समोरच्याची परीक्षा घ्यायची असते. या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे त्यांच्या नातवंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झालंय.

आबांचं पंचांगही पुराचं. धाकट्या मुलाचा जन्म 1989 च्या पुराआधी, थोरल्या नातवाचा 2005 च्या पुरात आणि गुडघ्याचं ऑपरेशन 2019 अन् 2021 च्या पुरांच्या मधे. "2019 ला पंचगंगेनं 55 फूट ओलांडलं, हायवे बंद, गावाला पाण्याचा वेढा आणि नळाला थेंब न्हाई! उपसा केंद्रंच बुडाली की," हे ते अशा थाटात सांगतात, जणू पूर त्यांनीच आणला होता.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की आबा बशीत चहा ओततात. "ही भोगावती. ही कुंभी, ही कासारी, ही तुळशी," असं म्हणत चार बाजूंनी चहा सोडतात. बशी भरून चहा शर्टावर सांडला, की नदीकाठच्या वस्तीचं नाव घेत विजयी मुद्रेनं म्हणतात, "हा सुतारवाडा!"

अशा माणसाला इंजिनिअरिंगला असलेल्या नातवानं मोबाइलवर एआयचा नकाशा दाखवला. पाऊस, धरणाचा विसर्ग, नदीची पातळी, जमिनीची उंची आणि जुन्या पुरांच्या नोंदी घातल्या, की कुठल्या गल्लीत किती पाणी येईल याचा अंदाज यंत्र देतं. गुगलनं 2018 ला पाटण्यापासून असे इशारे सुरू केले, हेही त्यानं सांगितलं.

"पाटण्याला नुसती गंगा हाय," आबा म्हणाले. "हितं पंचगंगा. पाचपट अवघड!"

मग त्यांनी चष्मा पुसला आणि नकाशात आपली मागची गल्ली शोधली. ती कोरडी दाखवली होती. आबा खुश! "लेका, पाणी रस्त्यानं येत न्हाई, गटारीतनं उलटं येतंय. तुझ्या यंत्राला गटार म्हाईत न्हाई." नातवानं मान्य केलं. गटारींचे उतार आणि घराघरांतल्या पाण्याच्या खुणा दिल्याशिवाय यंत्राला गल्लीतलं कळत नाही. झालं! दुसऱ्या दिवसापासून आबा टेप घेऊन भिंती मोजत निघाले. "हितं 2021. वरची वल 2019 ची न्हवं, ती शेजाऱ्याच्या टाकीची. ती लिहू नगंस." आठवडाभरात ते "आमचं मॉडेल" म्हणू लागले.

आबांना खरी चटक लागली ती 'असं केलं तर?' या प्रश्नाची. हायवेच्या भरावानं पाणी तुंबतं, ही लोकांची जुनी तक्रार. भरावाच्या जागी खांबांवरचा पूल घातला तर? ओढ्यातली बांधकामं काढली तर? प्रत्येक वेळी नकाशातलं पाणी हलायचं आणि आबा मांडीवर थाप मारायचे. आयुक्तांना भेटून हे दाखवायचं, असंही ठरलं.

तेवढ्यात नातवानं नकाशावर पूररेषा चढवल्या. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधे निर्बंध. आबांनी थोरल्यासाठी गेल्या वर्षी घेतलेला प्लॉट निळ्या रेषेच्या चांगला आत निघाला.

आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॉडेल चुकतंय."

"आबा, खुणा तुम्हीच मोजल्यात."

"रेट बरा हुता. आणि एजंट म्हणला, रेष सरकणार हाय."

पाणी कुठं येणार हे यंत्र आता आधी सांगू शकतं, आणि आबांसारख्यांच्या खुणा घेतल्या तर गल्लीगणिक सांगेल. पण रेष सरकवणारे आणि ती सरकेल या आशेवर प्लॉट घेणारे आपणच. तेव्हा पंचगंगेकाठी घर घेणार असाल, तर पाण्याबद्दल आबांना खुशाल विचारा. प्लॉटबद्दल मात्र नकाशाच बघा.