बोआसाठी दमट हवा

हौसेला मोल नसते म्हणतात. बोआ साप पाळण्याच्या हौसेला मात्र वीजबिल असते. दक्षिण अमेरिकेतला हा जाडजूड पाहुणा अहिल्यानगरच्या सावेडीतल्या बंगल्यात आणायचा, तर आधी बिगरफटीची, कुलूपबंद पेटी हवी. एका टोकाला साधारण बत्तीस अंश, दुसऱ्या टोकाला सव्वीस-सत्तावीस. थर्मोस्टॅटशिवाय दिवा लावायचा नाही, नाहीतर साप भाजून निघतो. लपायला दोन खोपी, डुंबायला पसरट भांडे, खाली नारळाचा भुसा आणि हवेत साठ टक्के ओलावा.

ओलावा! पर्जन्यछायेतल्या अहिल्यानगर जिल्ह्यात! पाथर्डीकडे उन्हाळ्यात गावे टँकरची वाट बघतात आणि इकडे साहेब रोज दोनदा सापावर फवारा मारणार. वीज गेली की इन्व्हर्टर आधी त्याच्या दिव्याला, मग आजींच्या पंख्याला.

कागदपत्रांचेही आहेच. २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्याची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते. म्हणजे बोआला कागद मिळतो.

आपल्या मांडुळाचे तसे नाही. तेही बोआच्याच कुळातले. भुसभुशीत मातीत फुकट राहते, उंदीर खाते. त्याला पाळणे गुन्हा, तरी बोथट शेपटीला दुसरे तोंड समजून धनाच्या आशेने लोक त्याला पोत्यात भरतात, वजनकाट्यावर तोलतात. बोआसाठी खास पेटी बनवणाऱ्या बंगल्याच्या कुंपणाशी साधी धामण दिसली, की आतून पहिला आवाज येतो: काठी आणा रे!