साठ टक्के गाय

(जबलपूर. नेपियर टाउनमधल्या एका जुन्या बंगल्याचा व्हरांडा. संध्याकाळचे सहा. मामा व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले. भाचा पुण्याचा, एका कंपनीत गाड्यांना ‘बघायला’ शिकवतो. फाटकाच्या खांबावर मोबाइल टेकवून त्याने गल्लीचं चित्रण लावलंय, लॅपटॉप मांडीवर. मामी आत, कान बाहेर.)

मामा : तो मोबाइल उचल. या गल्लीत वस्तू दोघेच नेतात. माकडं आणि ओळखीचे.

भाचा : पाच मिनिटं, मामा. हे बघा, जो जाईल त्याच्याभोवती चौकट येते आणि वर नाव. ऑटो. सायकल. कुत्रा.

मामा : आणि कोपऱ्यावर ही सात माणसं कुठली? तिथे तर चिटपाखरू नाही.

भाचा : (डोकं खाजवत) तो फ्लेक्स आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा.

मामा : मग तुझी गाडी त्यांच्यासाठी थांबणार?

भाचा : हात जोडून उभे आहेत ना. रस्ता ओलांडायचा असेल, असं तिला वाटतं.

मामा : म्हणजे पुढच्या वाढदिवसापर्यंत आपण चौकातच.

भाचा : एका चित्रात लांब-जवळ कळत नाही, मामा. गाडी जरा पुढे सरकली की जवळचं भरभर मागे जातं, लांबचं सावकाश. त्या फरकावरून अंतर काढायचं. फ्लेक्सवरचे सातही जण एकाच पातळीत सरकतात. मग कळतं की सगळी मंडळी सपाट आहेत, खरी नव्हेत.

मामा : आम्हाला ते त्यांनी हात जोडले की लगेच कळतं.

मामी : (आतून) चहात साखर घालू का?

मामा : घाल! फ्लेक्सवरून डॉक्टर बघत नाही.

भाचा : काही कंपन्या कॅमेऱ्याच्या जोडीला लेझर लावतात. किरण सोडायचा, तो आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, की अंतर हातात. टेस्लाने उलटा रस्ता धरला. २०२१ पासून रडारही काढायला लागले. आठ कॅमेरे, बस्स. त्यांचं म्हणणं, माणूस डोळ्यांवर चालवतो, तर गाडीनेही चालवावी.

मामा : माणूस डोळ्यांवर चालवतो हे त्यांना कुणी सांगितलं? शास्त्री ब्रिजवर ये एकदा. इथे हॉर्नवर चालवतात.

भाचा : पण कल्पना जुनी आहे. १९९५ साली डिकमान्स नावाच्या जर्मन प्राध्यापकांची मर्सिडीज म्युनिकहून डेन्मार्ककडे गेली होती. सोळाशे किलोमीटरच्या वर प्रवास, ताशी पावणेदोनशेपर्यंत वेग, सगळा भर कॅमेऱ्यांवर. माणसाचा हात लागला तो अधूनमधून.

मामा : जर्मन माणूस पक्काच. आमचा शक्तिमान ट्रकही जर्मनीच्या ‘मान’ कंपनीचाच. पण मला सांग, वाटेत गाय होती?

भाचा : नाही.

मामा : समोरून चुकीच्या बाजूने येणारी ई-रिक्षा?

भाचा : नाही.

मामा : मग ते चालवणं नव्हे रे, घसरणं.

भाचा : जनावरांचा घोळ तिकडेही झालाय. व्होल्व्होची गाडी स्वीडनचं मूस ओळखायला शिकली होती. ऑस्ट्रेलियात कांगारू दिसला आणि गडबडली. प्राणी किती लांब, ते ती जमिनीच्या आधाराने ठरवायची. कांगारूने उडी मारली की तो लांब वाटायचा, खाली टेकला की एकदम जवळ. २०१७ मध्ये कंपनीने स्वतःच कबूल केलं.

मामा : आमच्या माकडांपुढे तर ती राजीनामा देईल.

भाचा : म्हणून तर इथल्या रस्त्यांवर वेगळं काम चाललंय. युरोपातल्या चित्रांवर शिकलेल्या यंत्राला ऑटो माहीतच नसतो. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांची दहा हजार चित्रं घेतली आणि त्यातली प्रत्येक गोष्ट हाताने रेघ मारून वेगळी केली. ३४ प्रकार. ऑटोला स्वतंत्र, जनावराला स्वतंत्र. आणि एक खास प्रकार आहे : रस्ता नाही, पण गाडी जाऊ शकते.

मामा : (खुर्चीत सरसावून) काय म्हणालास?

भाचा : डांबराच्या कडेची माती वगैरे. जिथे रस्ता संपतो पण वाहतूक संपत नाही.

मामा : हा प्रकार काढणारा माणूस जबलपूरला नक्की येऊन गेलेला आहे.

भाचा : जबलपूरचं ठाऊक नाही, पण भोपाळात स्वायत्त रोबोट्स म्हणून कंपनी आहे. त्यांची बोलेरो भोपाळच्या रस्त्यांवर ड्रायव्हरच्या हाताशिवाय वळतानाची चित्रफीत २०२४ मध्ये आनंद महिंद्रांनी सगळ्यांना दाखवली.

मामा : भोपाळ! १९५६ मध्ये राजधानी तिकडे नेली, आता बिनहाताची गाडीही तिकडेच. आम्हाला काय, तर हायकोर्ट. म्हणजे गाडी ठोकणार भोपाळात आणि तारखा पडणार जबलपूरला.

भाचा : तारखा इतक्यात पडत नाहीत. गडकरींनी २०२३ मध्ये नागपुरात सांगून टाकलंय, अशी गाडी भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या पोटावर पाय येतो.

मामा : शहाणा माणूस. आमच्या मदनमहालच्या उड्डाणपुलाचं उद्घाटनही त्यांनीच केलं. पूल दिला आणि वर चालवायला माणसंही शिल्लक ठेवली. (पडद्यात डोकावत) बरं, नावापुढे हे आकडे कसले?

भाचा : खात्री. गाय, ९३ टक्के.

मामा : उरलेली सात टक्के काय आहे?

भाचा : म्हैस, बहुधा.

मामा : आणि फ्लेक्सवरचा तो मधला मोठा चेहरा?

भाचा : माणूस, ५४ टक्के.

मामा : यंत्र हुशार आहे हं!

भाचा : आकडा खाली आला की गाडी वेग कमी करते. फार खाली आला की थांबते. कधीकधी चूक असूनही आकडा मोठा येतो, ते दुखणं आहेच. पण शंका घ्यायला तिला शिकवता तरी येतं.

मामा : शंका! भररस्त्यात शंका घेत बसलं तर मागचा अंगावर येईल. चाळीस वर्षं स्कूटर चालवतोय. माझ्याकडे टक्केबिक्के नाहीत, जे आहे ते शंभर. ती बघ, समोरच्या फाटकाशी पांढरी गाय बसलीय. बोल, किती टक्के?

भाचा : (पडद्याकडे बघून, हळूच) दुचाकी. ८८ टक्के.

मामा : बघ! फसलं तुझं यंत्र.

मामी : (चहा घेऊन येत) अहो, ती समोरच्यांची स्कूटर आहे. चादर घातलीय वर. उन्हाळ्यापासून तिथेच आहे.

(शांतता. कोपऱ्यावर एक ऑटो भुर्रकन वळतो.)

भाचा : मामा, डोळे कधी दाखवले होते?

मामी : गेल्या दिवाळीला. मोतीबिंदू आहे म्हणाले, काढून टाका. हे म्हणतात, पिकू दे.

भाचा : मोतीबिंदू काय आंबा आहे, मामा? आणि तुम्ही रोज स्कूटर...

मामा : मला या शहराचा नकाशा पाठ आहे. फाटकातून निघून सतरा मोजले की ब्रेकर. होम सायन्स कॉलेजच्या भिंतीचा वारा लागला की डावीकडे. बघायचंय काय त्यात?

भाचा : मामा, ही तर दुसरी पद्धत झाली! आधी रस्त्याचा इंचन् इंच नकाशा करून ठेवायचा आणि गाडीने त्यातली आपली जागा शोधत जायचं. काही कंपन्या तसंच करतात. फक्त नकाशात नसलेलं काही आडवं आलं तर बघायला डोळे लागतातच.

मामी : आलं होतं ना. नवरात्रात वाटेत मांडव पडला. हे सतरा मोजून स्कूटरसकट थेट देवीसमोर.

मामा : दर्शनालाच गेलो होतो.

मामी : हेल्मेट घालून? पुजाऱ्याने आधी प्रसाद दिला आणि मग किल्ली काढून घेतली. तेव्हापासून मी मागे बसते. ‘डावीकडे खड्डा. समोर आजी. आता गाय. ही खरी आहे.’ पोहोचेपर्यंत घसा बसतो.

भाचा : म्हणजे नकाशा मामांचा आणि कॅमेरा मामी. सगळी यंत्रणा तयार आहे की!

मामी : आहे, पण माझा कॅमेरा बोलला की तुझे मामा म्हणतात, ‘दिसतंय मला.’ तेही शंभर टक्के.

(मामा कप खाली ठेवतात. बराच वेळ गल्लीकडे बघत राहतात. लांबून काहीतरी पांढुरकं, डुलत डुलत येतंय. भाचा लॅपटॉप त्यांच्यापासून हळूच फिरवून घेतो.)

भाचा : बोला मामा. काय आहे?

मामा : गाय. (डोळे बारीक करून) म्हणजे... गाय असावी.

मामी : किती?

मामा : (खूप वेळाने) साठ टक्के.

(मामी काही न बोलता मामांच्या समोरची स्कूटरची किल्ली उचलते, पदराला बांधते आणि डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबर फिरवते.)