गायन, वाचन, भरतकाम

श्टुटगार्ट, रविवार दुपार

ती. सौ. आईस सा. न.

पार्सल पोचलं. भडंगाचा पुडा वाटेत फुटला आणि अर्धं भडंग माझ्या मार्कलिस्टांत शिरलं. शिवाजी विद्यापीठाच्या बी.कॉम.ला आता लसणाचा वास येतो. कुकर लावून लिहायला बसलेय. मिक्सर लावता येत नाही, रविवारी आवाज केला की खालचे आजोबा वर येतात.

काल फोनवर उगाच घाबरलीस. नोकरी गेलेली नाही गं, अजून मिळायचीय. बालवाडीत मदतनीस म्हणून.

इथे खरं सांगायलाही पैसे पडतात. प्रत्येक कागदाचं भाषांतर शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच हवं. तो ओळीवर पैसे घेतो, आणि ओळ म्हणजे 55 ठोके, मधल्या मोकळ्या जागांसकट. ओळीला जवळपास दोन युरो! शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गुरुजींनी फुकटात लिहिलेलं ‘वर्तणूक: चांगली’ मी इथे विकत घेतलं.

त्यात नावाचा घोळ. मार्कलिस्टवर आडनाव, मग मी, मग बाबा. पासपोर्टवर मी, मग अभय, मग अभयचं आडनाव. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, मधलं नाव कसं बदललं? म्हटलं, लग्नानंतर तिथे वडील जाऊन नवरा येतो. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग लग्नाचा दाखला लागला, तोही भाषांतर करून. अभय म्हणतो, लग्नात हुंडा घेतला नाही तो आता ओळीच्या भावाने चुकता करतोय.

बंड्याला म्हणावं, तुझा सल्ला तुझ्यापाशी ठेव. ‘जर्मनची पातळी बी-वन कशाला लिहितेस, ठोक सी-वन, कोण बघतंय!’ अरे, मुलाखत जर्मनमध्येच असते! एमएस-सीआयटी करून ‘संगणक तज्ज्ञ’ म्हणवणं सांगलीत खपलं, इथे तीस वर्षांनीही उकरून काढतात. आनेटे शावान नावाच्या बाई इथे शिक्षणमंत्री होत्या. 1980 सालच्या त्यांच्या प्रबंधात उसनवारी सापडली म्हणून 2013 मध्ये डॉक्टरेट गेली आणि चार दिवसांत मंत्रिपदही. प्रबंधाचा विषय काय, तर सदसद्विवेक!

पण आई, एक थाप माझ्याकडूनही मारली गेलीच, आणि तिचं मूळ तुझ्याकडे आहे. माझ्या लग्नाच्या बायोडाट्यात तू ‘आवड: गायन, वाचन, भरतकाम’ लिहिलं होतंस. इथल्या अर्जात छंदांचा रकाना दिसला आणि हात आपोआप तेच लिहून गेला. मुलाखतीत भरतकामाचं कुणी विचारलं नाही. बालवाडीच्या बाई मात्र खूश. ‘गाता? मग मुलांना तुमच्याकडचं एखादं म्हणून दाखवा की!’

कांदेपोह्यांच्या वेळी तू ‘आज तिचा घसा बसलाय’ म्हणून निभावून नेलंस. इथे कोण निभावणार? समोर चौदा पोरं मांडी घालून बसलेली. पावसाचं बडबडगीत सुरू केलं, बेसूर. खिडकीबाहेर खरंच पाऊस होता, पण हा आवाज न करता पडतो. आपल्या मागच्या पत्र्यावरचा ताशा आठवला आणि दुसऱ्याच ओळीला घसा खरोखर बसला. एक चिमुरडी उठली आणि मला नाक पुसायला कागद देऊन गेली.

मग बाईंना सांगून टाकलं, गायन हे आईने लिहिलेलं आहे. त्या इतक्या हसल्या की माझा बी-वनही त्यांना पुरेसा वाटला असावा. कळवतील दहा दिवसांत.

तोवर एक काम कर. गोवराच्या लशीचा पुरावा हवाय, 2020 पासून बालवाडीत त्याशिवाय कामाला घेत नाहीत. ‘गोवर येऊन गेला, आईने कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं’ हे डॉक्टरच्या कागदाशिवाय चालत नाही. माझं लहानपणीचं कार्ड शिवणयंत्राच्या खणात बघ, बाबांच्या विम्याच्या पावत्यांखाली.

सुमामावशीच्या होणाऱ्या जावयाबद्दल लिहिलंस. दुबईत ‘मॅनेजर’ म्हणजे नेमकं काय मॅनेज करतो ते विचारलंस का? आणि त्याच्या बायोडाट्यात गायन आहे का, तेही बघ.

शिट्टी झाली. तिसरी की चौथी, मोजायची राहिली.

तुझी,
सोनू

ता. क. भडंग संपलं. मार्कलिस्टांतलंसुद्धा.