मेंदूराव, फुटण्याआधी यादी बघायची होती

प्रति,
मा. मेंदूराव,
मु. पो. कवटी, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर

विषय : शासनमान्य रीतीने जखमी न झाल्याबाबत.

महोदय,

आधी ख्यालीखुशाली विचारली असती, पण तुम्ही सध्या कुणालाच ओळखत नाही असं घरचे सांगतात. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मी कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस. उसाचा हंगाम लागला आणि संकेश्वर-बांदा रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग सुरू झाली, की तुमच्यासारख्यांच्या आया-बायका माझ्यापुढं येऊन बसतात. कहाणी ठरलेली. रात्री महागावकडून येणारी मोटारसायकल, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली आणि घरात खुंटीला अडकवलेलं हेल्मेट. हेल्मेट आपल्याकडं पोलिसासाठी घालायचं असतं, तुमच्यासाठी नव्हे. इथवर तुमचा दोष नाही. दोष पुढचा आहे. एकही शासन निर्णय न वाचता तुम्ही खुशाल फुटलात, आणि आता तुम्हाला बसवायला माझ्याकडं रकाना नाही.

तुमच्याच शरीरातले बाकीचे कसे शहाणे आहेत बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. खात्यातून वर्षाला २० रुपये कापणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा हिशेबही जवळपास असाच. हात, पाय, डोळा. तुमचं नाव दोन्हीकडं नाही. अक्कल गुडघ्यात असते म्हणतात, ते सरकारनं भलतंच मनावर घेतलेलं दिसतं. पाय गेला तर लाख रुपये, तुम्ही गेलात तर सहानुभूती. त्यातल्या त्यात तुम्ही जाताना एक बाजू लुळी करून गेला असाल, तर तेवढं बरं केलंत. मग तो हात आणि तो पाय ‘निकामी’ म्हणून मांडता येतात. कर्ज एकाचं आणि सातबारा दुसऱ्याचा, असला हा व्यवहार आहे. पण मी तो बेलाशक करतो आणि करायलाही सांगतो.

अपंगत्वाच्या कायद्याचं तर विचारूच नका. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यात पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. अपघातानं झालेली मेंदूची इजा नावानिशी नाही. अमेरिकेनं शाळकरी मुलांच्या कायद्यात हा प्रकार १९९० सालीच वेगळा मांडला. पण त्यांच्याकडं उसाच्या ट्रॉल्या नसतील, म्हणून वेळ मिळाला असेल. आपल्या कायद्यात तुम्हाला मागच्या दारानं शिरावं लागतं. वाचा गेली असेल तर ‘अफेजिया’ हा शब्द वाचा-भाषेच्या कलमात स्पष्ट लिहिलेला आहे. डॉक्टरांना तो कागदावर लिहायला सांगायचा. हात-पाय लुळे असतील तर अस्थिव्यंगाच्या खात्यात. पण तुमचा मालक, म्हणजे ज्याच्या डोक्यात तुम्ही राहता तो, उठला, चालला, बोलला आणि तरीही संध्याकाळी चहाचा कप आईच्या अंगावर भिरकावू लागला, पोराचं नाव विसरला, काजूच्या कारखान्यात तासभरही टिकेना, तर? तपासणीच्या टेबलासमोर तो अगदी धडधाकट दिसतो. “काय त्रास होतो?” असं विचारल्यावर “काही नाही” म्हणतो. आणि तेही तुम्हीच त्याच्याकडून म्हणवून घेता! आपल्या मुळावर घाव घालणारा असा साक्षीदार मी आजवर पाहिला नाही.

शिवाय टक्के. सवलतींना ४० टक्के लागतात. दोन अपंगत्वं असली तर साधी बेरीज होत नाही, त्याला सूत्र आहे. ३० आणि २० मिळून ५० होत नाहीत, ४३ च्या आसपास होतात. तेवढ्यानं अपंगत्वाचं पिवळं कार्ड पदरात पडतं. निळं हवं तर ८० गाठावे लागतात. तुम्ही स्वतः शाबूत असता तर हे गणित सोडवून दिलं असतंत.

आता सरकारची बाजूही मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता कुरकुरतो. पहिले काही दिवस तुमची बडदास्त खरोखर ठेवली जाते. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, केशरी असो की पांढरं, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. डोक्याची शस्त्रक्रिया त्यात बसते. फक्त रुग्णालय योजनेच्या यादीतलं हवं, आणि ॲडमिट होतानाच तिथं बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, गाठायला हवं. बिल भरून झाल्यावर गाठला तर तो मित्र राहतो, आरोग्याचं काही होत नाही. आपल्याकडं डोक्याचं ऑपरेशन म्हणजे कोल्हापूर नाहीतर बेळगाव. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर जवळचं विचारतो, यादीतलं विचारत नाही. ते घरच्यांनी विचारावं. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी निम्म्या दरात ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत उत्पन्न. ही पाटी दर्शनी भागात नसते, म्हणून इथं लिहिली. केंद्राची रस्ते अपघाताची योजना मे २०२५ पासून आहे : दीड लाख रुपये, सात दिवस. कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि सूज उतरली की परत बसवतात, हे आता आमच्या बायकांनाही ठाऊक झालंय. तो तुकडा पोटात असतानाच सात दिवस संपतात. तुम्ही कृपया कॅलेंडर बघून सुजत जा.

आणि मग डिस्चार्ज. इथून पुढं सरकारच्या लेखी तुम्ही बरे झालात. नाकातली नळी, फिट येऊ नये म्हणून गोळ्या, कूस बदलणं, बोलायला नव्यानं शिकवणं, हे सगळं घरच्यांच्या अंगावर. संजय गांधी निराधार योजना आहे. अपंगांना तिथं आता महिन्याला अडीच हजार मिळतात. उत्पन्नाची अट मात्र कुटुंबाचं वर्षाला ५० हजार, म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काहीतरी. एवढ्यात जो संसार चालवतो त्याला अनुदान नको, अर्थमंत्रिपद द्यावं. २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात सांभाळणाऱ्यासाठी भत्त्याचाही उल्लेख आहे. तुमच्या मालकाच्या आईला मी तो वाचून दाखवला. ती म्हणाली, “कवा येतोय ओ?”

सांभाळणं काय असतं, हे महाराष्ट्रानं एकदाच डोळ्यांसमोर पाहिलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगारानं हल्ला केला. गळा आवळल्यानं मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, तोवर त्याच रुग्णालयात परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांचं सगळं केलं. खाट रिकामी करायचा घाट महापालिकेनं घातला तेव्हा परिचारिका आडव्या आल्या. इथं मला चेष्टा सुचत नाही. एवढंच म्हणतो, की कोणत्याही योजनेनं नव्हे, नर्सच्या ड्युटीनं ते निभावलं. गडहिंग्लजच्या घरात ती ड्युटी एकटी आई करते आणि तिची पाळी बदलायला कुणी येत नाही.

जोधपूरचे युवराज शिवराज सिंह २००५ मध्ये पोलो खेळताना घोड्यावरून पडले, डोक्याला मार लागला. त्यांच्या वडिलांनी पुढं डोक्याच्या इजेसाठी संस्थाच काढली. चांगलंच केलं. आमच्याकडचा पडतो तो हप्त्यावरच्या मोटारसायकलवरून, आणि त्याचे वडील हप्ते थांबवता येतात का ते विचारायला बँकेत जातात.

बँकेवरून आठवलं. तुम्ही गेल्यापासून मालकाची सही जुळत नाही, त्यामुळे त्याच्याच पैशातून त्याची औषधं आणता येत नाहीत. पालक नेमायचा सोपा रस्ता १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे, जिल्ह्यातल्या समितीकडून. पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. तुम्ही तिथंही नावानिशी नाही. मग उच्च न्यायालय. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसतं, हा तुमच्या भाग्याचा भाग.

एक दार मात्र खरंच तुमचं आहे, आणि घरचे नेमके तेच उघडत नाहीत : मोटार अपघात न्यायाधिकरण. २००७ च्या एका अपघातात मेंदूला जबर इजा झालेल्या १२ वर्षांच्या मुलीला सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ६२ लाखांवर भरपाई दिली, आणि त्यात तिला सांभाळणाऱ्या दोन माणसांचा आयुष्यभराचा खर्च धरला. सांभाळणं हे काम आहे आणि त्याला पगार लागतो, हे कुणीतरी आकड्यात मांडलं. वेळ किती गेला ते तुम्ही मोजू नका, तुमच्या प्रकृतीला झेपणार नाही. पण अर्जाला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत आहे. १९९४ मध्ये काढली होती, २०२२ पासून पुन्हा आली. इकडं अपंगत्वाचे टक्के द्यायला डॉक्टर म्हणतात, प्रकृती स्थिरावू दे. त्या टक्क्यांची वाट बघत दावा अडवू नये. आधी दाखल करावा, टक्के मागून जोडावेत. रुग्णालयातली एमएलसीची (पोलीस केसची) नोंद, एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधाची प्रत्येक पावती, सगळं एका पिशवीत. वाहन ठोकून पळालं असेल तर गंभीर दुखापतीला ५० हजार. तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं, न्यायालयात नव्हे. आमच्याकडं होतं काय, की गावातली चार माणसं ट्रॉलीवाल्याला आणि घरच्यांना एकत्र बसवतात, वीस-पंचवीस हजारांवर मिटवतात, आणि वर म्हणतात, “आपलाच माणूस हाय, कोर्टात कशाला?” तेव्हा घरच्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. एका घरात एका वेळी एवढे मेंदू बंद पडणं बरं नव्हे, मेंदूराव.

कळावे,
आपला,
कचेरीबाहेरचा अर्ज लिहिणारा

ता. क. : अनुदान चालू राहायला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मालकाला रिक्षातून घेऊन येतील, दोघं धरून उभं करतील, साहेब बघतील आणि सही होईल. त्या कामाला तुम्ही हजर असण्याची अट नाही.